कोरोनात दिलेली औषधं वाया गेली का, आणि आता अभ्यासात नाव घालावं का?

पलूस तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारलं आहे: "वय ५८. मे २०२१ मध्ये कोरोनानं सांगलीत ॲडमिट होतो. एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) स्कोअर पंचवीसपैकी १६, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८६. रेमडेसिविरची सहा इंजेक्शनं, प्लाझ्मा, स्टेरॉईड, ऑक्सिजन, सगळं झालं. त्यापायी काढलेलं कर्ज अजून पुरतं फिटलेलं नाही. पुण्यात बी. फार्म. करणारा पुतण्या आता म्हणतो, ही औषधं संशोधनात फेल गेली. मग आमचे पैसे पाण्यात गेले का? दुसरं म्हणजे अजून जिना चढताना दम लागतो. एका हॉस्पिटलातून फोन आला होता, कोरोनानंतरच्या त्रासावर अभ्यास चालू आहे, या म्हणून. सही करावी का? पारावर म्हणतात, त्यांना प्रयोगाला उंदीर पाहिजेत."

तुमचा पुतण्या निम्मा बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी त्याला तीन गोष्टी विचारा: औषध कुणाला दिलं होतं, आजाराच्या कितव्या दिवशी दिलं होतं आणि तुलना कशाशी केली होती. मी मिरजेत मेडिसिनचा डॉक्टर आहे. कोविड वॉर्डात होतो आणि औषधांच्या चाचण्यांमध्ये इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे चाचणी राबवणारा डॉक्टर, म्हणूनही काम करतो. तुमच्या फाइलमधली स्टेरॉईड, रेमडेसिविर आणि प्लाझ्मा ही तिन्ही या प्रश्नांपुढे ठेवली तर तिघांचे निकाल तीन तऱ्हेचे निघतात.

आधी तुलनेचं, कारण गोंधळ तिथूनच सुरू झाला. तुम्ही बागायतदार, तर तुमच्या बागेतलंच सांगतो. ढगाळ हवेत दावण्या (वेलीवरचा बुरशीचा रोग) आला, तुम्ही महागडं औषध फवारलं, चार दिवसांनी कडक ऊन पडलं आणि दावण्या थांबला. दुकानदार म्हणणार, बघा, औषधाचा गुण! खरं काय ते कळायचं असेल तर काही ओळी न फवारता ठेवाव्या लागतात. कुठल्या ओळी ठेवायच्या हेही तुम्ही ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. निवड आपल्या हातात राहिली की चांगल्या ओळींना चांगलं औषध जातं आणि कडेच्या मरतुकड्या ओळी न फवारलेल्यांत पडतात. औषधांच्या चाचणीत गट चिठ्ठीनं पाडतात ते एवढ्याचसाठी.

कोरोनाचं अवघडपण हे की त्यातले बहुसंख्य लोक आपोआप बरे व्हायचे. मार्च २०२० मध्ये तेव्हाच्या इस्लामपुरात परदेशातून आलेल्या एका कुटुंबात आणि त्यांच्या संपर्कात मिळून पंचवीसेक रुग्ण सापडले. आख्ख्या जिल्ह्याचा जीव टांगणीला लागला, मिरजेचं शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं. एप्रिलमध्ये त्यातले बहुतेक जण घरी गेले आणि मला रोज फोन येऊ लागले की त्यांना कुठली गोळी दिली ते सांगा. तुलनेला दुसरा गटच नसताना त्या पंचवीस जणांवरून कुठल्याच गोळीबद्दल काही म्हणता येत नव्हतं. पण हे ऐकून घ्यायची तेव्हा कुणाची तयारी नव्हती. डॉक्टरांचीसुद्धा नव्हती.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आठवत असेल. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, ती आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी सुचवली आणि आठवडाभरात मेडिकलमधून गोळी गायब झाली. माझ्याकडच्या संधिवाताच्या बायका, ज्यांना ती खरोखर लागते, त्या रिकामी पाकिटं घेऊन दारात उभ्या. पुढं २२ मे २०२० ला 'लॅन्सेट' या नावाजलेल्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण, आणि निष्कर्ष असा की या गोळीनं मृत्यू वाढतात. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला तो गट थांबवला. मग लोकांनी आकडे तपासले तर ऑस्ट्रेलियातले मृत्यूच तिथल्या सरकारी आकड्यापेक्षा जास्त दाखवलेले. माहिती पुरवणारी अमेरिकी कंपनी मूळ नोंदी दाखवायला तयार होईना. ४ जूनला तो लेख मागं घेतला गेला. लगोलग, ५ जूनला, इंग्लंडमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल आला. चिठ्ठीनं गट पाडलेले, आणि नंतर छापलेल्या अंतिम आकड्यांत गोळी दिलेल्यांपैकी २८ दिवसांत २७ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी २५ टक्के. म्हणजे उपयोग नाही. खोट्या आकड्यांचा निष्कर्ष आणि खऱ्या चाचणीचा निष्कर्ष वरवर एकाच दिशेचे दिसतात, पण म्हणून पहिला ग्राह्य धरता येत नाही. रुग्णांची संख्या लाखाच्या घरात असली तरी माणसं कुठून आली हे विचारावंच लागतं.

आता तुमच्या फाइलमधलं स्टेरॉईड. सगळ्यांत स्वस्त औषध, आणि माझ्या मते तुम्हाला सगळ्यांत जास्त कामी आलेलं. याच 'रिकव्हरी' चाचणीत २,१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं आणि ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार दिले. १६ जून २०२० ला निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये औषध घेणारे २९.३ टक्के दगावले, न घेणारे ४१.४ टक्के. नुसत्या ऑक्सिजनवर असणाऱ्यांमध्ये २३.३ विरुद्ध २६.२. संशोधकांनी हिशेब मांडला तो असा की व्हेंटिलेटरवरच्या आठ जणांना औषध दिलं तर एकाचा मृत्यू टळतो, ऑक्सिजनवरच्या पंचवीस जणांना दिलं तर एकाचा. काही रुपयांच्या गोळीला याहून जास्त काय मागायचं?

पण त्याच चाचणीतला तिसरा आकडा आपल्याकडे फार कमी लोकांनी वाचला. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात औषध घेणारे १७.८ टक्के दगावले आणि न घेणारे १४ टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकतो, पण फायद्याचा मागमूस नाही आणि नुकसानीची शंका आहे. कारणही समजण्यासारखं आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो, त्याच्याशी लढायला शरीराची प्रतिकारशक्ती जागी हवी. दुसऱ्या आठवड्यात विषाणू ओसरतो, पण चेकाळलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच फुफ्फुसांवर उठते. स्टेरॉईड तिला आवरतं. दुसऱ्या आठवड्यातलं औषध पहिल्या आठवड्यात दिलं तर लढणाऱ्याचेच हात बांधल्यासारखं होतं.

आणि २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये वाळवा, तासगाव, खटाव, माण, कुठल्याही तालुक्यात जा, ताप आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सॅच्युरेशन ९७ असताना मिथाइलप्रेड हे स्टेरॉईड सुरू झालेले रुग्ण दिसत होते. ठरवणारा होता एचआरसीटीचा स्कोअर. "स्कोअर किती आला?" हा तेव्हा गावातला पहिला प्रश्न असायचा. मोठ्या चाचण्यांत हे स्टेरॉईड कुणाला लागू पडतं ते ऑक्सिजनच्या गरजेवर पाहिलं होतं, पंचवीसपैकी स्कोअर किती यावर नाही. तुमचं सॅच्युरेशन ८६ होतं म्हणून तुम्हाला दिलं ते योग्यच. शेजारच्या खाटेवरच्या ९६ वाल्याला दिलं असेल तर त्याचा स्कोअर १८ असला तरी ते योग्य नव्हतं.

त्याची किंमत आपण म्युकरमध्ये, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजारात, मोजली. पहिल्या लाटेतल्याच, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातल्या, भारतातल्या १६ केंद्रांचा एक अभ्यास आहे. त्यात कोरोनाशी निगडित म्युकरचे १८७ रुग्ण सापडले. बेताल मधुमेह हा सर्वांत मोठा समान धागा, आणि गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त दिलेलं स्टेरॉईड हे बरं झाल्यावर उशिरानं होणाऱ्या म्युकरशी जोडलेलं आढळलं. दुसऱ्या लाटेत काय होणार याची सूचना त्यात होती. पण तोवर आपण मास्क हनुवटीवर आणून लग्नाच्या पंगती उठवायला लागलो होतो. मिरजेत नाक-कान-घशाच्या आणि डोळ्यांच्या सर्जननी त्या उन्हाळ्यात जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही.

रेमडेसिविरचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. पुतण्याची गडबड इथं होते. हे विषाणूची वाढ रोखणारं औषध. अमेरिकेत सुरू झालेल्या १,०६२ रुग्णांच्या चाचणीत औषध घेणारे सरासरी १० दिवसांत सावरले, सलाइन घेणारे १५ दिवसांत. मृत्यूंमध्ये मात्र पक्का म्हणावा असा फरक दिसला नाही. मग जागतिक आरोग्य संघटनेची 'सॉलिडॅरिटी' चाचणी. ऑक्टोबर २०२० मध्ये तिचा पहिला निकाल आला. ३० देश, ४०५ रुग्णालयं, सव्वाअकरा हजारांवर रुग्ण. रेमडेसिविर घेतलेल्या २,७४३ पैकी ३०१ दगावले, न घेतलेल्या २,७०८ पैकी ३०३. जवळजवळ बरोबरी. या चाचणीत भारत होता, आणि आपल्याकडचं काम पुण्यात भोसरीला असलेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं सांभाळलं. तेव्हा "हे परदेशी लोकांवरचं संशोधन, आपल्याला काय लागू?" हा मुद्दा इथं टिकत नाही.

ही तारीख लक्षात घ्या. निकाल ऑक्टोबर २०२० चा. आणि एप्रिल २०२१ मध्ये सांगली-साताऱ्यात माणसं रात्रभर मेडिकलच्या दारात रांगेत, कुणी आमदाराला फोन लावतंय, कुणी छापील किमतीच्या कितीतरी पट मोजून काळ्या बाजारातून कुपी आणतंय. 'सिक्स डोस' पूर्ण झाले नाहीत म्हणून माणूस गेला, ही समजूत आजही घराघरांत बसलेली आहे. मला येणाऱ्या पत्रांत दर काही दिवसांनी असा एखादा मुलगा असतो, ज्याला वाटतं की पाचवी कुपी मिळाली असती तर वडील वाचले असते. त्यांना मी हा सॉलिडॅरिटीचा आकडा सांगतो. व्हेंटिलेटरपर्यंत गेलेल्या रुग्णात पाचव्या-सहाव्या कुपीनं जीव वाचवल्याचा पुरावा कुठल्याही चाचणीत नाही. उलट २०२२ च्या अंतिम निकालात, १४,२२१ रुग्णांमध्ये, व्हेंटिलेटरवर असताना रेमडेसिविर मिळालेले ४२.१ टक्के दगावले आणि न मिळालेले ३८.६ टक्के. हा फरक नुकसानाचा पुरावा नाही, पण फायदा तर नाहीच. त्या मुलानं अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

याच अंतिम निकालात व्हेंटिलेटरवर नसलेल्या, फक्त ऑक्सिजन लागणाऱ्यांत १४.६ विरुद्ध १६.३ असा थोडा फायदा दिसला. तुम्ही त्या गटात येता. आणि आजार अगदी सुरुवातीला असताना, घरीच असलेल्या पण जोखीम जास्त असलेल्या ५६२ जणांना तीन दिवस हे औषध दिलं, त्या चाचणीत रुग्णालयात भरती व्हायचं प्रमाण ५.३ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आलं. औषध तेच! पहिल्या आठवड्यात मोठा उपयोग, ऑक्सिजन लागल्यावर थोडका, व्हेंटिलेटरवर शून्य. आपल्याकडे मात्र माणूस आठव्या-नवव्या दिवशी बेड मिळवून पोचायचा आणि मग कुप्यांची शोधाशोध सुरू व्हायची.

प्लाझ्माबद्दल, म्हणजे कोरोनातून बरं झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या द्रवाबद्दल, पुतण्या पूर्ण बरोबर आहे. आणि याचा पुरावा जगात सर्वांत आधी देणाऱ्यांत आपणच होतो, याचा मला अभिमानही वाटतो आणि चीडही येते. आयसीएमआरची 'प्लॅसिड' चाचणी: देशातली ३९ रुग्णालयं, २२ एप्रिल ते १४ जुलै २०२०, ४६४ रुग्ण. लॉकडाऊनमध्ये, किट-बेडची मारामार असताना, तीन महिन्यांच्या आत एवढं काम उभं राहिलं. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के रुग्ण गंभीर झाले किंवा दगावले, न दिलेल्यांपैकी १८ टक्के. बहुतेक रुग्णांच्या रक्तात दाखल होतानाच स्वतःच्या अँटिबॉडीज तयार होत्या, दुसऱ्याच्या आणून ओतल्यानं भर काय पडणार? हे ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आलं. इंग्लंडमध्ये साडेअकरा हजार रुग्णांवर हीच चाचणी झाली, तिथंही दोन्ही गटांत मृत्यू २४ टक्केच. तरी आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा गेला तो १७ मे २०२१ ला, दुसऱ्या लाटेचा कळस होऊन गेल्यावर. मधल्या सात महिन्यांत व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा' एवढंच दिसत होतं. नातेवाईक मागत होते, डॉक्टर चिठ्ठी लिहून देत होते. काहीतरी केल्याचं समाधान दोघांनाही मिळत होतं. तुमचा खर्च वाया कुठं गेला असं नेमकं विचाराल तर माझं बोट प्लाझ्मावर जाईल.

बाकीची औषधं पटकन आटोपतो, कारण ती तुमच्या फाइलमध्ये नाहीत. आयव्हरमेक्टिन: एका इजिप्शियन अभ्यासावर बरीच भिस्त होती, तो गैरप्रकाराच्या आरोपांनंतर जुलै २०२१ मध्ये मागं घेतला गेला. पुढं ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांच्या चाचणीत उपयोग दिसला नाही. टोसिलिझुमॅब: महागडं, पण ऑक्सिजन कमी आणि शरीरातला दाह जास्त अशा निवडक रुग्णांत खरं उपयोगी. स्टेरॉईडच्या जोडीनं दिल्यावर मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले. ॲझिथ्रोमायसिन, जे घराघरांत पाच दिवस खाल्लं गेलं, त्याचा कोरोनावर काही उपयोग नाही.

आणि एक बिनपैशाचा उपचार, ज्याचं कुणी स्टेटस ठेवलं नाही: पालथं झोपणं. आमच्या वॉर्डात सिस्टर रुग्णांवर अक्षरशः ओरडायच्या, "काका, पोटावर व्हा!" सहा देशांतल्या १,१२६ रुग्णांच्या अभ्यासात जागेपणी पालथं झोपवलेल्यांपैकी ४० टक्क्यांना व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागली किंवा ते दगावले, इतरांपैकी ४६ टक्के. यात मुख्य फायदा नळी टळण्याचा. निव्वळ मृत्यूंचा फरक सिद्ध झाला नाही, तेही सांगून टाकतो.

थोडक्यात पैशांचा हिशेब विचाराल तर ऑक्सिजन, स्टेरॉईड, आणि झालं असेल तर पालथं झोपणं व रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन यांनी तुम्हाला हात दिला असण्याची शक्यता मोठी. रेमडेसिविरनं कदाचित थोडा. प्लाझ्मानं नाही. मात्र 'तुम्हाला' नेमकं कशानं बरं वाटलं हे मी काय, कुणीच सांगू शकत नाही. चाचणी शंभर माणसांबद्दल बोलते, त्यातला सत्तावीसावा कोण हे तिला माहीत नसतं.

आता दम लागण्याचं. यावरचे अभ्यास औषधांच्या चाचण्यांसारखे स्वच्छ नाहीत, म्हणून ते जरा सावधपणे वाचावे लागतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं २०७ रुग्णांची फुफ्फुसं तपासली, बरं झाल्यावर साधारण दोन महिन्यांनी. ४४.४ टक्क्यांमध्ये फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता घटलेली, ३५ टक्क्यांमध्ये फुफ्फुस पुरतं फुगत नाही असा दोष. 'भारतीयांची फुफ्फुसं जास्त खराब झाली' अशा बातम्या यावरून आल्या. पण त्या माणसांची फुफ्फुसं कोरोनाआधी कशी होती याची मोजणी हाताशी नव्हती, आणि तुलना इतर देशांतल्या छापील आकड्यांशी होती. आपल्याकडे चुलीचा धूर आहे, हळदीच्या गोदामातली धूळ आहे, बागेत तोंडाला नुसता टॉवेल बांधून केलेल्या फवारण्या आहेत. हे सगळं कोरोनाच्या खात्यावर टाकता येत नाही. अभ्यास खोटा नाही. तो सांगतो की अशा रुग्णांत दोष सापडतो, तेव्हा तपासा. दोष कशामुळं आला हे तो ठामपणे सांगू शकत नाही.

आयसीएमआरच्या रुग्णनोंदणीतला आकडाही असाच भीती घालत फिरला. ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या १४,४१९ रुग्णांवर वर्षभर फोनवरून लक्ष ठेवलं, त्यातले ६.५ टक्के वर्षाच्या आत दगावले. पंधरा जणांमागं एक. ऐकून धस्स होतं. पण हे रुग्णालयात भरती व्हावं लागलेले लोक, बरेचसे मध्यम किंवा गंभीर आजारी. दगावणाऱ्यांत साठीच्या पुढचे, पुरुष आणि आधीपासून इतर आजार असलेले जास्त होते. घरी बरा झालेल्या तुमच्या मुलाला हा आकडा लागू नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: कोरोना व्हायच्या आधी लस घेतलेल्यांना नंतरच्या मृत्यूपासून सुमारे ६० टक्के संरक्षण होतं.

लसीचा विषय निघालाच आहे. पारावर दुसरी एक गोष्ट नक्की चालत असणार: तरणीताठी पोरं पटापट जातात ती लसीमुळं. यावर आयसीएमआरनं ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला. १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी धडधाकट असून अचानक गेलेल्या ७२९ जणांची तुलना त्याच भागातल्या, त्याच वयाच्या २,९१६ जणांशी केली. लसीमुळं धोका वाढल्याचं दिसलं नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: पूर्वी कोरोनासाठी भरती व्हावं लागणं, घरात कुणी अचानक गेलेलं असणं, आदल्या दोन दिवसांत भरमसाट दारू आणि सवय नसताना केलेला जबर व्यायाम. हीसुद्धा चिठ्ठीची चाचणी नव्हे. कुणाला चिठ्ठी टाकून दारू पाजता येत नाही. अशा प्रश्नांना हीच पद्धत शक्य असते आणि ती नीट वापरली होती.

रक्ताच्या गुठळ्यांबद्दल स्वीडनचा दहा लाखांवर रुग्णांचा अभ्यास आहे. पायातल्या गुठळीचा धोका साधारण तीन महिने आणि फुफ्फुसातल्या गुठळीचा सहा महिने वाढलेला राहतो. तुमचा तो काळ कधीच मागं पडला.

मग तुमचा दम कशाचा? चार-पाच वर्षांनी टिकलेला दम हा 'कोरोनाचं राहिलेलं' म्हणून सोडून द्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची लाँग कोविडची व्याख्याच सांगते की त्रासाला दुसरं कारण सापडत नसेल तरच तसं म्हणावं. आधी हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची साखर, थायरॉईड, ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी. माझ्याकडं 'लाँग कोविड' म्हणून आलेल्यांत हृदयाच्या नळ्या अरुंद झालेले निघालेत, रक्त कमी असलेले निघालेत, आणि चार वर्षांत वाढलेलं वजन हेच कारण असलेलेही. स्टेरॉईडनंतर तुमची साखर कधी तपासली होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता सहीचं. माझा कल 'करा' याकडं आहे, पण काही गोष्टी बघून. फोनवर विचारा की हा अभ्यास नुसता निरीक्षणाचा आहे की नव्या औषधाचा. निरीक्षणाचा असेल तर रक्त घेणं, सहा मिनिटं चालवून सॅच्युरेशन बघणं, फुंकायची तपासणी, प्रश्नावली, एवढंच असतं. औषधाची चाचणी असेल तर तुम्हाला औषध मिळेल की बिनऔषधाची गोळी, हे चिठ्ठी ठरवेल, आणि पुष्कळदा ते तुमच्या डॉक्टरलाही ठाऊक नसतं. हा फसवणुकीचा प्रकार नव्हे. वर सांगितलेलं सगळं ज्ञान अशाच 'न फवारलेल्या ओळीत' बसायला तयार झालेल्या माणसांमुळं हाती आलं.

दुसरं, सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. पुतण्याला बघायला सांगा, त्याच्या अभ्यासक्रमालाही उपयोग होईल. औषधाच्या चाचणीला क्रमांक नसेल तर पुढं बोलूच नका. निरीक्षणाच्या अभ्यासाला क्रमांक नसला तर निदान एथिक्स कमिटीच्या, म्हणजे सहभागींचं हित जपलं जातं ना हे तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीचं पत्र दाखवायला सांगा. २०१९ च्या नियमांनुसार औषध-चाचण्या तपासणाऱ्या या कमिटीत किमान सात जण लागतात, निम्मे संस्थेबाहेरचे, त्यात एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूस असावाच लागतो. कमिटीचा फोन नंबर संमतिपत्रावर छापलेला असतो.

संमतिपत्र मराठीत मागा, घरी न्या, दोन दिवस ठेवा. "इथंच सही करा, गर्दी आहे" म्हणाले तर उठून या. सही केल्यावर एक प्रत तुमची. मधेच सोडावंसं वाटलं तर कारण न देता सोडता येतं आणि त्यावरून त्या हॉस्पिटलात तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत, आणि ती चाचणीमुळं झाल्याचं ठरलं तर नुकसानभरपाईही आहे. अभ्यासापायी होणाऱ्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. 'पोस्ट-कोविड पॅकेज, अभ्यासात सहभागींना सवलत' असं कुणी म्हणालं तर ते गिऱ्हाईक शोधताहेत.

एक विनंती मात्र माझ्याकडून. नाव घातलंत तर शेवटपर्यंत जा. जुलै २०२१ चा कृष्णेचा पूर आला तेव्हा इथले किती रुग्ण पाहुण्यांकडं गेले, नंबर बदलले आणि पुढच्या तपासणीला आलेच नाहीत. ज्यांना बरं वाटतं ते येत नाहीत, जे गेले ते येऊ शकत नाहीत, आणि मग फक्त कुरकुरणाऱ्यांवर निष्कर्ष निघतो. तुम्हाला ठणठणीत वाटत असलं तरी फोन उचला आणि तसं सांगा, तेही टिपून घेतात.

२०२१ ची डिस्चार्ज समरी आणि एचआरसीटीची फिल्म जपली असेल तर दोन्ही सोबत न्या, आताच्या तपासणीशी ताडून बघायला तेवढंच जुनं हाती आहे. आणि साखर, ईसीजी, इको या तपासण्या अभ्यासाच्या तारखेसाठी थांबवू नका. खरड छाटणीची गडबड सुरू व्हायच्या आत उरकून घ्या. छातीत दाबल्यासारखं होत असेल किंवा पायावर सूज असेल तर त्याच दिवशी.